हिरव्या ठिपक्याखाली कोणाचं नाव

तुमची आत्या दिवसभर ऑफिसात बसून नुसतं बटण दाबते, असं तुमच्यापैकी कोणीतरी परवा फोनवर म्हणालं. कोण म्हणालं ते मला आवाजावरून कळलं, पण लिहीत नाही. दुसरं कोणीतरी हसलं, तेही ऐकू आलं. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण रागात बोललेलं नंतर सुधारता येत नाही, लिहिलेलं सुधारता येतं. राग मात्र लिहायला बसल्यावरही गेलेला नाही. तो तुमच्यावर थोडा आहे आणि दुसऱ्या एका माणसावर पुष्कळ.

आधी आत्याबद्दल, कारण तुम्ही लहान असताना तिला पाहिलंत, आता रस्त्यात ओळखणारही नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमच्या बाबांची मावसबहीण, अकलूजची. कॉलेजसाठी सोलापूरला माझ्याकडे आली ती राहिलीच. सात रस्त्याजवळ एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथे ती टेस्टर म्हणून लागली. लागली म्हणजे उमेदवारीवर. अकलूजचा आग्रह होता की आता पुरे, परत ये, लग्नाचं बघू. तिने घरी सांगून ठेवलं होतं, ‘कायम झाल्याचं पत्र हातात आलं की हा विषय बंद, आणि नाही आलं तर मी गुपचूप परत येते.’ त्या पत्रावर तिचं सोलापुरात राहणं अवलंबून होतं, आणि हे तिच्या साहेबांनाही ठाऊक होतं. साऱ्या प्रकरणात हे लक्षात ठेवा.

तिचं बोलणं अकलूजचं. ऑफिसात इंग्रजी, माझ्याशी शहरी मराठी, आणि खूश झाली किंवा चिडली की ‘हाय’ आणि ‘न्हाय’. सुरुवातीला मी सुधारायला जायची.

ती म्हणायची, “मावशी, पोटातलं बोलताना कुठं आहे-नाही करत बसू?”

पुढे मी तो नाद सोडला.

आता तिचं काम. तुम्ही फोनवर तिकीट काढता तेव्हा तुम्हाला रंगीत चौकोन दिसतात. त्यांच्या मागे एक संगणक दुसऱ्याला विचारत असतो, ही जागा रिकामी आहे का? दुसरा उत्तर देतो. संगणकांच्या या आपसातल्या प्रश्नोत्तरांना वेब सर्व्हिस म्हणतात. तिला चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. ती तपासायची कशी? तर आत्याच्या संगणकावर एक सॉफ्टवेअर आहे, ते विचारणाऱ्या संगणकाचं सोंग घेतं. पडद्याच्या डावीकडे प्रश्नांची रांग, उजवीकडे आलेलं उत्तर. प्रत्येक प्रश्नाला आधीच एक अट लावून ठेवायची की उत्तर असं आलं तर बरोबर. अट पुरी झाली तर त्या ओळीपुढे हिरवा ठिपका, नाही तर लाल. सगळी रांग एका बटणात धावते. तुम्हाला दिसलं ते हे बटण. मी इतकी वर्षं इंग्रजीचे पेपर काढले आणि तपासले, त्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहीत आहे. प्रश्न कोणीही काढतो. उत्तर कशाला बरोबर म्हणायचं हे ठरवताना घाम फुटतो.

तर एका धर्मादाय दवाखान्याने गरीब वृद्धांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत करायचं ठरवलं, आणि त्याची सर्व्हिस बनवायचं काम या कंपनीला मिळालं. खेड्यातल्या केंद्रावर माणसाचं नाव, वय, रेशनकार्ड, आधार भरायचं. केंद्राचा संगणक दवाखान्याच्या संगणकाला विचारणार की हा माणूस बसतो का. बसत असेल तर त्याला तारीख आणि न्यायला गाडी. नसेल तर घरी.

उत्तरं आधी इंग्रजीत होती, ‘यस’ आणि ‘नो’. विश्वस्तांनी मराठीचा आग्रह धरला, तो योग्यच होता. हा बदल केला त्या दिवशी आत्या अकलूजला गेली होती. साहेबांनी उत्तरं बदलून घेतली: ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. मग तपासणीतल्या अटीही त्यांनी स्वतःच्या हाताने बदलल्या. जिथे ‘यस’ होतं तिथे ‘पात्र’ टाकलं, बटण दाबलं, सगळं हिरवं आलं. आत्या परतली तेव्हा तिला सांगितलं, तपासून झालंय, सोमवारी उद्घाटन आहे, तू फक्त ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ असा मेल टाक.

तिने लगेच टाकला नाही. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घरी घेऊन आली. मी जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे निवडत होते, ती समोर बसली.

“मावशी, तुझं रेशनकार्ड कुठल्या रंगाचं?”

“पांढरं. का गं?”

“आणि मोतीबिंदू?”

“दोन्ही डोळ्यांचे काढून झालेत. तूच नव्हतीस का दवाखान्यात?”

“म्हणजे तू पक्की अपात्र. थांब, तुलाच घालते.”

ही तिची पद्धत. कोणत्याही अटीवर विश्वास ठेवण्याआधी ती तिच्यापुढे मुद्दाम एक चुकीचा माणूस उभा करते. तिचं म्हणणं, जो राखणदार चोराला हटकत नाही, त्याने मालकाला सलाम केला तर त्यात काय मोठंसं. ज्या रांगेत सगळी पात्र माणसं होती, तिथे एकाच्या जागी तिने माझी माहिती घातली. आता त्या ओळीपुढे लाल ठिपका यायला हवा होता.

हिरवा आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवा.

“मावशी, बघ की हे. तुला ‘अपात्र’ म्हणतंय आणि पुढं हिरवा ठिपका. म्हणजे तुला दारातनं हाकललं, आणि हाकलणाऱ्याला शाब्बास!”

मी चष्मा लावून पाहिलं. उजवीकडे स्वच्छ अक्षरात ‘अपात्र’ लिहिलेलं होतं.

“अट काय लावली आहे?” मी विचारलं.

“उत्तरात ‘पात्र’ हाय का, एवढंच बघ, अशी.” आणि तिने कपाळावर हात मारला. “अगं, ‘अपात्र’मधी ‘पात्र’ हायच की! ‘नो’मधी ‘यस’ नव्हतं, म्हणून इतके दिवस चाललं.”

“पण त्याला पुढचा ‘अ’ दिसत नाही?”

“दिसतो. पण त्याला ‘अ’चं कोण विचारलंय? पात्र सापडलं, काम झालं. हे बघ, ‘न्हाय’ लिहिलं आणि त्यात ‘हाय’ शोध म्हणून सांगितलं, तर सापडंल का न्हाय?”

मी मनात अक्षरं मांडली. अर्धा न, मग हा, मग य. “सापडेल.”

“मग! आमच्या अकलूजात कुणी न्हाय म्हणालं तरी हिरवंच.”

आम्ही दोघी खूप हसलो. मग तिने अट बदलली. उत्तर तंतोतंत ‘पात्र’ एवढंच असलं पाहिजे, मागे-पुढे काही नको. बटण दाबलं आणि रांगेतून लाल ठिपके उमटत गेले. तेव्हा आमचं हसू थांबलं.

नावं नमुन्याची होती, पण आत्याने ती आपल्या भागातल्यासारखी बनवली होती. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत असतात तशी, विणकरांच्या तेलुगू घरांतली, अक्कलकोटकडची. रेशनकार्डावर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी. आपल्याकडे निम्म्या लोकांचं असंच असतं. उत्तरं मराठीत केली त्याच वेळी सर्व्हिसमध्ये नावं जुळवायची नवी भर पडली होती, आणि ती दोन्ही नावं अक्षराला अक्षर लावून बघत होती, जुळली नाहीत की अपात्र. माणूस तोच, डोळा तोच, डोळ्यातला मोतीबिंदू तोच, पण नाव उलट क्रमाने लिहिलं म्हणून घरी जा! आणि ही चूक पकडायला जी तपासणी ठेवली होती, ती प्रत्येक नकाराला टाळी देत होती.

तिने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “आता काही उकरू नकोस. मेल टाक, बाकी नंतर बघू.” ती म्हणाली, “टाकणार नाही.” ते म्हणाले, “उद्या घरी येतो.”

आले. हा साहेब म्हणजे माझाच विद्यार्थी. सोलापुरात कोणीही माझा विद्यार्थी निघू शकतो, त्यात नवल नाही. आल्या आल्या पाया पडला, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.

“मॅडम, शाळेत तुमच्या हातचा मार मिळाला, चहा आज मिळतोय.”

“मी कोणाला मारलेलं नाही. बोल.”

“हिला जरा समजवा. पोरगी हुशार आहे, पण फार ताणते.”

“ती इथेच बसली आहे. तिला सांग.”

पण तो माझ्याकडेच बघून बोलत राहिला. “मॅडम, पाहुणे ठरलेत, सात रस्त्याला फ्लेक्स लागलेत. त्यांना मी काय सांगू? एका शब्दात दुसरा शब्द सापडला म्हणून?”

“तेच सांगा की, सर,” आत्या म्हणाली. “खरं तेच हाय.”

“अगं, मी स्वतः बघितलं. सगळं हिरवं होतं. हिरवं म्हणजे हिरवं.”

“मावशीला पण हिरवं येतंय, सर. तिची दोन्ही ऑपरेशनं झालीत.”

“मग तिसरं करू!” असं म्हणून तो हसला.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “शब्दाच्या पुढे दोन अक्षरं लावली की अर्थ उलटा होतो, हे मी तुला इंग्रजीत शिकवलं होतं. ‘हॅपी’ आणि ‘अनहॅपी’ सारखेच का?”

“ते इंग्रजीत, मॅडम. मराठीत कोण एवढं बघतं?”

हे त्याने माझ्या घरात बसून, माझा चहा पीत म्हटलं. मराठीत कोण एवढं बघतं! अरे, ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही, ज्याला डोळ्यांपुढे धुकं दिसतं, त्याच्याचसाठी ते मराठी केलं होतं ना? मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, इंग्रजीवर माझं प्रेम आहे, पण मराठीत नीट नसलं तरी चालतं असं मला माझ्या शिक्षकांनी शिकवलं नाही आणि मी कोणाला शिकवलं नाही. मग हा कुठून शिकला? तोंडापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं, कारण त्याच्यासमोर बसलेल्या मुलीची नोकरी त्याच्या हातात होती.

“ज्यांना चुकून अपात्र येईल ते परत येतील,” तो म्हणाला. “तेव्हा दुरुस्त करून देऊ. एवढ्यावरून कुणी थांबतं का?”

“सर, ज्याला दिसत न्हाय तो परत कसा येणार? लेकानं न्हायतर सुनेनं खाडा करून त्याला धरून आणलेलं असतंय. एकदा न्हाय म्हटलं की ते म्हणतात, नशिबात नव्हतं, आणि बसतात घरात.”

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, पटलं. मग पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाला, “तुझं कायम झाल्याचं पत्र तयार आहे. माझ्या टेबलावर. फक्त सही राहिली आहे.”

यात धमकीचा एक शब्द नव्हता. सभ्य माणसं अशीच धमकी देतात, हे तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही ऐकायला मिळेल.

आत्याचे कान लाल झाले. ती म्हणाली, “मग सर, मेल तुमीच लिवा. ‘सर्व उत्तीर्ण’ म्हणा आणि खाली तुमचं नाव घाला. मी अडवत न्हाय.”

“माझं नाव कशाला? टेस्टर तू आहेस.”

मुलांनो, माझा खरा राग या वाक्यावर आहे. अटी बदलताना ती टेस्टर नव्हती, तेव्हा हा स्वतः बसला. उद्घाटनाची तारीख ठरवताना ती टेस्टर नव्हती. चूक दाखवली तेव्हा ती ताणणारी पोरगी होती. आणि कागदाखाली नाव घालायची वेळ आली की टेस्टर तू! हिरवं म्हणजे हिरवं असं ज्याला इतक्या खात्रीने वाटत होतं, त्याला त्या हिरव्याखाली आपलं नाव का नको होतं? कारण त्याला खात्री नव्हतीच. उद्या दवाखान्यात आरडाओरडा झाला तर बोट दाखवायला एक नाव हवं होतं, आणि अकलूजहून आलेल्या, पत्राची वाट बघणाऱ्या मुलीचं नाव त्याला स्वस्तात मिळेल असं वाटलं होतं.

“मग कुणाचंच नको,” आत्या म्हणाली. तिने कपबशा उचलल्या आणि आत गेली.

जाताना तो पुन्हा पाया पडला. मी पाय मागे घेतले.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला तयार झाली, डब्यात भाकरी घेतली आणि गेली. मेल गेलाच नव्हता, आणि साहेबांनी स्वतःच्या नावानेही पाठवला नाही. विश्वस्तांना त्यांनी फोनवर सांगितलं की सर्व्हरची अडचण आहे, कार्यक्रम थोडा पुढे ढकलू. म्हणजे खोटं बोलायला जमलं, खरं बोलायला नाही. फ्लेक्स तसेच लटकत राहिले. सर्व्हिस लिहिणाऱ्यांनी आत्याने दाखवलेले लाल ठिपके एकेक करून पाहिले, नाव आणि आडनाव कोणत्याही क्रमाने असलं तरी चालेल अशी दुरुस्ती केली, आणि आठवडा संपायच्या आत रांग खरोखरची हिरवी झाली. तेव्हा आत्याने मेल लिहिला. खाली स्वतःचं नाव घातलं. मला दाखवायला आणला, मी एक स्वल्पविराम बदलला.

उद्घाटनाला मी गेले होते. हार झाले, दीप लावून झाला. साहेब माइकवर म्हणाले, “आमच्या टीमच्या दक्षतेमुळे एक त्रुटी वेळीच लक्षात आली.” टीम! जिची दक्षता होती ती भिंतीला टेकून, लॅपटॉपची वायर पायात येऊ नये म्हणून हातात धरून उभी होती. पहिली नोंदणी कुंभारीच्या एका म्हातारीची होती. ती मुलाशी तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती, त्याच्या दंडाला घट्ट धरून. पडद्यावर उत्तर आलं. टाळ्या वाजल्या तरी तिला कळेना काय झालं. आत्या पुढे वाकून मोठ्याने म्हणाली, “अज्जी, पात्र. नुसतं पात्र.” ‘नुसतं’ का, ते त्या दालनात आम्हा तिघांनाच कळलं, आणि तिसऱ्याने मान दुसरीकडे वळवली.

महिनाअखेरीस पत्र आलं. कायम झाल्याचं नव्हे. उमेदवारीची मुदत वाढवली आहे, कारण ‘संघभावनेचा अभाव’. ते मी उभ्याने वाचलं आणि चपला शोधायला लागले.

“कुठं निघालीस?” आत्याने विचारलं.

“सात रस्त्याला. त्याला विचारते, संघभावना म्हणजे काय ते एका वाक्यात सांग.”

“बस खाली, मावशी.”

“का बसू? माझा विद्यार्थी आहे तो.”

“म्हणूनच. तू आलीस तर ते तुझ्याशी बोलतील. त्या दिवशी पण तुझ्याशीच बोलत होते. मी काय, कोपऱ्यातली खुर्ची?”

पायात सरकवलेल्या चपला मी काढल्या. शिक्षिकेला घरात बसवणं सोपं नसतं, पण तिने बसवलं.

ती एकटी गेली. मी सकाळभर काय केलं ते विचारू नका, एकच कपाट पुन्हापुन्हा लावलं. संध्याकाळी ती आली, पर्स खुंटीला अडकवली, तांब्याभर पाणी प्यायली.

“काय झालं?”

“सगळे बसले होते तिथंच विचारलं. म्हटलं, सर, संघभावना हाय का न्हाय हे कशावरनं तपासायचं ते लिहून द्या. मी काय केलं की ती दिसंल, आणि काय केलं की दिसणार न्हाय. अट कळली तर मी पुरी करीन.”

“आणि?”

“म्हटलं, तोपर्यंत मी हितंच हाय. तपासणीचा निकाल मीच लिवणार. लाल आलं तर लालच लिवणार. आणि अटी माझ्या माघारी कुणी बदलायच्या न्हायत.”

“आणि अकलूजला?”

“वाटेतनं फोन केला. आईला म्हटलं, पत्र आलं न्हाय, तरी मी येत न्हाय. आई रडली. बाबा म्हणाले, बघ बाई तुझं तू.”

“अगं, पण तो काय म्हणाला? तुझा साहेब?”

“काय म्हणणार!” तिने ओट्यावरच्या टोपल्यातली भाकरी उचलली आणि उभ्यानेच तुकडा मोडला. “काही न्हाय. उठले आणि पंखा मोठा केला.”